सोळाव्या दिवसाचा हादगा

हेवा वाटला की मी जास्त हसते. लहानपणापासूनची खोड आहे. बाकीच्या बायकांचं तोंड आंबतं, माझं उलट फुलतं, आणि त्यामुळे आयुष्यभर मी ‘मोकळ्या मनाची’ म्हणून नाव मिळवलं. हे नाव खोटं आहे. किती खोटं, ते एकदा कागदावर उतरवावं म्हणून बसले आहे. आता कुणाला भ्यायचं वय राहिलं नाही असं म्हणते खरी, पण दाराला कडी घालूनच बसले आहे.

तेव्हा मी अकरा वर्षांची होते. महाराज गादीवर येऊन फार वर्षं झाली नव्हती. कोल्हापुरात प्लेग एकदा येऊन गेला होता. ‘गेला’ असं लोक म्हणत आणि म्हणताना आढ्याकडं बघत. आम्ही मंगळवार पेठेत राहायचो. वडील जीनगर. महाराजांच्या पागेतल्या घोड्यांची खोगिरं शिवायचं काम त्यांच्याकडं असे. पुढं कातड्याच्या वासानं भरलेली त्यांची खोली, मागं चुलीची खोली, वर कौलं, एवढंच घर. माणसं तीन. वडील, आई आणि मी.

मैत्रीण मागच्या गल्लीतली. तिच्या वडिलांचं भुसारी दुकान होतं. जैन माणसं, शांत, नीटनेटकी, कुणाशी वरच्या आवाजात न बोलणारी. दुकानामागं त्यांचं माडीचं घर, घरामागं परसू, आणि परसाचं दार आमच्या बोळात उघडायचं. त्या दारातून आम्ही दोघी दिवसातून दहा वेळा ये-जा करायचो. तिला उचकी लागली तर पाणी मी प्यायचे, इतकं आमचं गूळपीठ होतं. तिच्यापाशी माझ्यापेक्षा चांगलं असं पुष्कळ होतं: केस, आवाज, परकर, दोन गुबगुबीत धाकटे भाऊ. पण ती माझी होती, म्हणून ते सगळं थोडं माझंच होतं. निदान त्या आश्विनापर्यंत मला तसं वाटत होतं.

हस्त नक्षत्र लागलं की आमच्याकडं पोरींचा हादगा सुरू होतो. सोळा दिवस, रोज एकीच्या घरी. मधे पाटावर हत्ती काढायचा, भोवती हात धरून फेर धरायचा, गाणी म्हणायची, आणि शेवटी त्या घरची खिरापत ओळखायची. झाकलेला डबा कानाशी हलवायचा, फटीला नाक लावायचं आणि पदार्थाचं नाव सांगायचं. ज्या घरची खिरापत कुणालाच ओळखता येत नाही त्या घरच्या पोरीचा मान मोठा.

माझ्या घरचा हादगा सातव्या दिवशी झाला. आईनं फुटाणे आणि गुळाचे खडे ठेवले होते. डबा अजून माझ्याच हातात होता, तोवर मैत्रीण ओरडली, “फुटाणं!” सगळ्या पोरी हसल्या. सगळ्यांत मोठ्यांदा मी हसले. तिनं मुद्दाम केलं नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं. तिला ओळखता यायचं, आणि ओळखलेलं तिच्या तोंडात राहायचं नाही. पण मला कळण्यानं माझी जळजळ थांबली नाही. आई आत चुलीपाशी होती आणि तिनंही ते ऐकलं होतं.

मग नवव्या दिवशी आणखी एक झालं. पेठेत त्या वर्षी एक नवी मुलगी आली होती, मलकापूरकडची. वडील कचेरीत कारकून. गोरी, हळू बोलणारी. फेरात मैत्रिणीचा उजवा हात नेहमी माझ्या हातात असायचा, त्या दिवशी तो हिच्या हातात होता. मी दुसऱ्या बाजूला गेले तर तिथं आधीच कुणीतरी होतं. मी दोन अनोळखी तळव्यांमधे उभी राहिले आणि गाणी मात्र घसा फाटेपर्यंत म्हटली.

शेवटचा, सोळावा दिवस मैत्रिणीच्या घरचा. त्या दिवशी सोळा खिरापती करायची रीत. काय काय आहे ते तिनं मला सांगितलं नाही. “तुला सांगितलं की मजा जाती की गं,” म्हणाली. मलकापूरची मात्र तीन दिवस तिच्या स्वयंपाकघरात मदतीला होती. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. मी हसून म्हटलं, “नगं सांगूस. मी वळखीन.”

पंधराव्या दिवशी सकाळी आमच्या चुलीपुढं उंदीर पडला.

वाशावरून पडला, दोनदा पाय झाडले आणि गप्प झाला. आईचे हात पिठात होते ते तसेच राहिले. उंदीर पडला म्हणजे काय, हे तेव्हा पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कचेरीत कळवायचं. मग प्लेगची माणसं येणार, घर रिकामं करणार, कौलं उतरवून ऊन आत घेणार, चुना मारणार आणि घरच्यांना गावाबाहेर माळावर बांधलेल्या झोपड्यांत नेऊन ठेवणार. भल्यासाठीच होतं ते, आज कळतं. तेव्हा लोक रोगापेक्षा त्या माणसांनाच जास्त भ्यायचे.

वडील दारात येऊन उभे राहिले. “दसऱ्याच्या स्वारीला नऊ दिवस उरल्यात,” ते म्हणाले. “खोगिरं अर्धी हायती. घराला कुलूप लागलं तर पागेत काय तोंड दाखवू?”

“जीव ऱ्हायला तर तोंड,” आई म्हणाली.

“एकच हाय न्हवं? मांजरानं मारला असंल.”

“मांजर कुठं हाय आपल्यात?”

वडील पुन्हा कामाला बसले आणि कातडं टोचणाऱ्या आरीचा आवाज सुरू झाला. आईनं मातीच्या फुटक्या परळात राख घेतली, चिमट्यानं उंदीर त्यात ठेवला, वरून आणखी राख घातली आणि परळ माझ्या हातात दिला. “ओढ्याकडं टाकून ये. कुणी इचारलं तर राख हाय म्हण. आन् हात लावू नगंस.”

मी बोळातून निघाले. मैत्रिणीच्या परसाचं दार अर्धं उघडं होतं. आतून तळणीचा वास येत होता आणि दोघींचं हसणं ऐकू येत होतं, तिचं आणि मलकापूरच्या मुलीचं. मैत्रीण असं हसायची ते फक्त माझ्यासोबत, अशी माझी समजूत होती. मी तिथं किती वेळ उभी होते कोण जाणे. मनात एवढंच आलं, की उद्याचा हादगा हिच्या घरी होऊ नये. त्यापलीकडं एक अक्षर नव्हतं. प्लेग नव्हता, मरण नव्हतं, तिचे भाऊ नव्हते. मी आत पाऊल टाकलं, भिंतीशी रिकाम्या पोत्यांची थप्पी होती तिच्यामागं परळ उपडा केला. उंदीर राखेत अडकून राहिला. मी त्याला बोटानं ढकललं.

ते बोट मी ओढ्यावर वाळूनं घासलं. कातडी सोलवटेपर्यंत घासलं. घरी येऊन आईला “टाकला” म्हणाले, आणि मग भीती आली. आधी नव्हती, आता एकदम आली. काखेत हात घालून गाठ चाचपायला लागले. दर थोड्या वेळानं चाचपायचे. दुखतंय असं वाटायचं, मग चाचपून चाचपून खरंच दुखायला लागलं.

दुपारी त्यांच्या परसातून हमालाची आरोळी आली. पोती उचलायला गेला होता. दुकानाची जागा, येणंजाणं फार, लपवणार कसं? आणि लपवणाऱ्यांतले ते लोक नव्हतेच; तिच्या वडिलांनी स्वतः जाऊन कळवलं. दिवस मावळायच्या आत माणसं आली. मी बोळाच्या टोकाशी उभी राहून बघत होते. डबे, कढया, अंथरुणं, सगळं रस्त्यावर आलं. एकेकाचं झाकण उघडून माणसं आतलं ओतून टाकत होती. त्यात लाडू होते, करंज्या होत्या, आणि काय काय होतं ते मला आता कळलं असतं, पण मी डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी माळाकडं निघाली. आमच्या दारापाशी बैल थांबले. मैत्रीण गाडीतून वाकली. रडली नव्हती. माझ्याकडं नीट बघत म्हणाली, “आजचा हादगा तुमच्यात घाला. मी पोरींस्नी सांगून धाडलंय.”

गाडी गेली.

आईनं ऐकलं तेव्हा ती भिंतीला टेकून बसली. “आपल्यात? आज?” पण नाही म्हणायचं तर कारण काय द्यायचं? मुली येणार हे गल्लीभर झालं होतं. सातव्या दिवशी झाला तो हादगा आज का नको, असं कुणी विचारलं असतं तर? वडील मान वर न करता म्हणाले, “येऊ देत. लवकर उरका म्हणावं.” आईनं सबंध घर शेणानं सारवलं, धुरी केली आणि खिरापतीला काहीतरी शिजवलं. काय ते मला आजही आठवत नाही.

वडील खोगीर घेऊन बाहेर कट्ट्यावर बसले आणि पुढच्या खोलीत अकरा पोरी आल्या. मलकापूरचीही आली आणि आल्याबरोबर तिनं माझा हात धरला. मऊ, गरम हात. मी ज्याच्यासाठी जळत होते तो मान चालत माझ्या दारी आला होता, आणि मला एकच पाहिजे होतं, की या सगळ्यांनी आत्ताच्या आत्ता घरी जावं. फेर सुरू झाला. पोरी हत्तीकडं बघत होत्या, मी वाशांकडं. कुठं खुडखुड झालं की माझं गाणं चुकायचं. “आगं, काय म्हणतीस?” असं म्हणून पोरी हसायच्या, मग मीही हसायचे.

सोळाव्या दिवशी गाणीही सोळा. पाचवं संपता संपता तो दिसला. चुलीच्या खोलीच्या उंबऱ्यावर, भर उजेडात, भिंतीला घासत घासत येत होता. माणसांना न भिता. दोन पावलं टाकायचा, कलंडायचा, पुन्हा उठायचा. मी हात सोडले. दाराशी वडिलांची कातड्याचे तुकडे टाकायची पाटी होती, ती मी उचलून त्याच्यावर पालथी घातली आणि वर बसले.

“काय झालं गं?”

“पाय मुरगळला,” मी म्हटलं. “तुम्ही म्हणा. मी हितनं म्हणते.”

पोरींनी फेर पुढं चालवला. पाटीखाली तो हलत होता. बांबूच्या कामट्यांना नखं लागल्याचं मला मांडीखाली कळत होतं. त्या बसल्या जागेवरून मी सगळी गाणी म्हटली. उरलेली अकराच्या अकरा, एकही न गाळता, कारण गाळलं असतं तर कुणीतरी माझ्यापाशी विचारायला आलं असतं. शेवटच्या गाण्याच्या आत खालची नखं थांबली. आई दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं, पाटीकडं बघितलं आणि तिला समजलं. खिरापत तिनंच घाईघाईनं वाटली, ओळखायचा खेळ न करता, आणि पोरींना पदराखाली घेतल्यासारखं दाराबाहेर काढलं.

मग ती म्हणाली, “ऊठ.” मला उठवेना. पाय खरोखरच लुळे पडले होते. तिनं मला काखेत धरून बाजूला केलं, पाटी उचलली आणि चिमटा शोधायला न थांबता उंदीर हातानंच उचलून पदराच्या टोकात घेतला. मी ओरडले, “आई, हात!” ती म्हणाली, “गप. पोरी अजून बोळात हायत्या.”

तिसऱ्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला. जांघेत गाठ आली. वडिलांनी त्या दिवशी आरी खाली ठेवली आणि स्वतःच्या पायानं कचेरीत गेले. खोगिरं अर्धीच राहिली. आईला रोग्यांच्या छपरीत नेलं, आम्हाला माळावर. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती गेली. आम्हाला जवळ जाऊ दिलं नाही. लांबून चादर दिसली तेवढी.

माळावर मैत्रिणीची झोपडी आमच्यापासून पाचवी होती. तिच्या आईनं मला पोटाशी धरलं, भरवलं, माझे केस विंचरले. एकदा तिचे वडील माझ्या वडिलांना सांगत होते, की आम्हाला बाहेर काढल्यावर दुकानात सात-आठ उंदीर पडलेले सापडले. “परसात तो पहिला घावला म्हणून आम्ही आज हाय,” ते म्हणाले आणि हात जोडले. मैत्रीण शेजारी बसली होती. तिचे दोघे भाऊ मातीत खेळत होते. मी तिच्याकडं बघितलं नाही.

महिनाभर मी त्या अकरा पोरींची वाट बघत होते, म्हणजे त्यांच्या बातमीची. कोण आजारी पडलं, कुणाच्या घरी रडारड झाली. दहा जणींचं कळलं, सुखरूप होत्या. मलकापूरच्या मुलीला तिचे वडील गावी घेऊन गेले होते. तिची खबर यायला संक्रांत उजाडली. बरी होती, तिचं लग्न ठरलं होतं. तोवर रोज मी त्या मऊ हाताची आठवण काढून दचकत असे.

पुढं आम्ही दोघी कोल्हापुरातच नांदलो. तिच्या बाळंतपणांना मी होते, माझ्या नवऱ्याच्या दिवसांना ती होती. लोक आमच्या मैत्रीचा दाखला द्यायचे. कुणाला ठाऊक नव्हतं, की मी तिच्याजवळ भीतीनं बसते. ती लेकरांना प्लेगची गोष्ट सांगायला लागली की मी काहीतरी काम काढून आत जायचे. तो हेवा त्या सोळाव्या दिवशीच मेला, पुन्हा तिच्या कशाचा म्हणून वाटला नाही. तिचा वाडा झाला, मुलगा वकील झाला, मला काही वाटलं नाही. त्या जागी भीती येऊन बसली. तिला कळलं तर? तिच्याशी भांडायचीसुद्धा मला सोय नव्हती. सत्तर वर्षांची झाले तरी मी तिला कधी उलटून बोलले नाही, आणि तिलाही वाटत असेल, किती समजूतदार आहे ही, असं मी समजायचे.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. टेबलावरून उठलेच नाही तर, असं मनात आलं. एका दुपारी ती आली होती, तिला समोर बसवून मी सगळं सांगितलं. परळ, राख, पोती, बोट. सांगताना तिच्या तोंडाकडं बघायचा धीर नव्हता, मोतीबिंदूमुळे दिसतही नव्हतं. ते बरंच झालं.

तिनं बशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “ठावं हाय मला.”

“काय ठावं हाय?”

“तू पोत्याच्या मागं परळ पालथा केलास ते. तवर मी केस वाळवाय माडीवर गेलो हुतो. खिडकीतनं बघितलं.”

कोल्हापुरातल्या आमच्या वयाच्या बायका ‘मी हुतो’च म्हणतात, तिनंही तसंच म्हटलं, अगदी रोजच्या आवाजात. मला वाटलं होतं ती उठून जाईल, शिव्या देईल. तिनं मला पहिल्याच दिवशी पाहिलं होतं आणि साठ वर्षं माझ्या हातचं पाणी प्याली होती. मी रडायला लागले. सुटल्यासारखं वाटलं. तेवढ्यात डोक्यात दुसरं काहीतरी उभं राहिलं आणि रडू जागच्या जागी थांबलं.

“मग उंदीर आमच्यातला हाय, हेबी तुला कळलं आसंल,” मी म्हटलं.

“व्हय.”

“तरी पोरी आमच्यात धाडल्यास?”

“रागानं. तुला भ्या वाटावं म्हणून.” ती थांबली. “प्लेगच्या माणसांनी मला इचारलं हुतं, आनखी कुठं उंदीर पडल्याचं ठावं हाय का. मी न्हाय म्हणलं.”

एक शब्द. ती एक शब्द बोलली असती तर दुसऱ्या सकाळी त्यांच्याबरोबर आम्हालाही गाडीत घातलं असतं. कौलं उतरली असती, पाटी रस्त्यावर पडली असती, आई माळावर माझ्याशेजारी बसली असती. मी विचारलं, “का न्हाय म्हणलीस?”

“तू सापडू नयेस म्हणून, आसं मी मला सांगत आलोय,” ती म्हणाली. “पन खरं मायेनं गप्प बसलो का रागानं, ते मला आजून कळलेलं न्हाय. तुझ्या आईचं ऐकलं त्या दिसापासनं रोज इचारतोय.”

म्हणजे तीही भीतच माझ्याजवळ बसत होती. मी तिला भ्यायची आणि ती मला, आणि पेठेत आमच्या मैत्रीचं कौतुक. मी तिचा हात धरायला हवा होता. तिच्या घरावर प्लेग टाकणारी मी. तिनं तर फक्त तोंड मिटलं होतं, अकराव्या वर्षी, मला वाचवायला किंवा मला शिक्षा करायला. हे सगळं मला त्या क्षणी स्पष्ट समजत होतं, आणि तरीही मी म्हणाले, “जा तू आता.”

ती काठी शोधत उठली आणि गेली.

ऑपरेशन झालं, नीट झालं. ती दवाखान्यात रोज येऊन बसली. अजूनही मंगळवारी येते, आम्ही चहा घेतो, सुनांच्या गोष्टी करतो. तिनं मला आई गेली तेव्हाच, त्या माळावर, माफ केलं होतं. मी तिला अजून केलेलं नाही. करावं असं रोज ठरवते, आणि दाराबाहेर तिची काठी वाजली की मला आईचे ते उघडे हात दिसतात.